खान्देशच्या उन्हात पाखरू सांभाळताना : आणण्यापासून निरोपापर्यंत

माझ्या पाहण्यात आपल्याकडची पिंजऱ्यातली पाखरं आजारापेक्षा तीन गोष्टींनी जास्त दगावतात : मे महिन्यातली दुपार, स्वयंपाकघरातला धूर आणि वरून भरलेलं दिसणारं पण आतून संपलेलं दाण्याचं भांडं. तिन्ही टाळता येतात. त्यासाठी फार पैसा लागत नाही, पण रोज सकाळी थोडा वेळ काढून पाखराकडे नीट बघावं लागतं. पक्षी दुखणं लपवतो. रानात जो थकलेला दिसतो तोच आधी शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो, म्हणून अगदी शेवटपर्यंत आपण धड आहोत असं दाखवणं त्याच्या रक्तातच आहे. ज्याला आपल्या पाखराचं नेहमीचं बसणं, खाणं, बोलणं पाठ असतं त्यालाच त्यातला फरक कळतो. आणि पाखरू पाळण्यातलं सुखही मला तरी या बघण्यातच सापडलं आहे.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांसाठी आहे, म्हणून यात हवामानाचा भाग मोठा आहे. पक्षी मुख्यतः बजी (छोटा रंगीत परदेशी पोपट) आणि कॉकटेल (तुरा असलेला, त्याहून मोठा) धरले आहेत. नवख्या माणसाने सुरुवात यांच्यापासूनच करावी.

कोणतं पाखरू आणायचं, कोणतं नाही

हिरवा पोपट आणू नका. आपल्या आज्या-पणज्यांच्या ओसरीवर मिठू असायचा हे खरं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा पोपट, खांद्यावर लाल ठिपका असलेला पहाडी पोपट, मैना, मुनिया हे सगळे रानपक्षी संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी बाजारात येणारं पिल्लू कुठल्या तरी ढोलीतून ओढून काढलेलं असतं आणि त्याच्या सोबतची कितीतरी वाटेतच मरतात. कुणी दारावर आणून दिलं तरी ‘बिचारं आहे’ म्हणून घेऊ नका. वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे, तिथे कळवा. घरात आधीपासून म्हातारा मिठू असेल तर त्याला गच्चीवरून उडवून मोकळं होऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला चारा शोधता येत नाही आणि कावळे त्याला टिकू देत नाहीत. त्याच्यासाठीही वनविभागाशीच बोला.

परदेशी पक्ष्यांचं वेगळं आहे. बजी, कॉकटेल आणि गुलाबी तोंडाचा आफ्रिकन लव्हबर्ड हे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांची नोंदणी लागत नाही. सन कोन्युअर, मकाव, आफ्रिकन ग्रे हे यादीत आहेत. २०२४ च्या नियमांनुसार अशांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा ‘काही लागत नाही’ म्हणाला तरी कागद मागा.

आपल्या बाजारात लव्हबर्ड म्हणून जी छोटी हिरवी-पिवळी-निळी जोडी मिळते ती बहुतेक वेळा बजीची असते. वजन ३०-४० ग्रॅम, आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं. कॉकटेल ८०-१०० ग्रॅमचा, डोक्यावर तुरा, नीट ठेवला तर १५-२० वर्षं जगतो. म्हणजे पाचवीतल्या पोरासाठी आणलेला कॉकटेल ते पोरगं नोकरीला लागेपर्यंत घरात असणार. शिकायला पुण्याला गेलं की मागे कोण बघणार, हे आणायच्या आधी घरात बोलून घ्या.

एकटं पाखरू आणू नये असं माझं ठाम मत आहे. बजी थव्याने राहणारा पक्षी आहे. दिवसभर घर बंद असेल तर एकट्याचे हाल होतात. दोन नर आणले तरी चालतात, सहसा ते चांगले नांदतात.

विकत घेताना

महिना निवडा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये दुकानातून घरापर्यंतचा प्रवासच पाखराला मारू शकतो, आणि नव्या जागेच्या धास्तीत वरून ऊन म्हणजे दुहेरी मार.

दुकानात गेल्या गेल्या पिंजऱ्याला तोंड लावू नका. चार पावलं लांब उभे राहून गुपचूप बघा. माणूस जवळ आला की आजारी पाखरूही ताठ होऊन बसतं, लांबून बघितलं तर त्याचं सोंग गळतं. अंग फुगवून दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेलं, श्वासागणिक शेपूट वरखाली करणारं, शेपटीखाली विष्ठेने बरबटलेलं पाखरू घेऊ नका. त्या पिंजऱ्यातलं दुसरं, दिसायला चांगलं असलेलंही घेऊ नका.

बजीचं वय कपाळावरून कळतं. पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात, तीन-चार महिन्यांनी पिसं बदलली की कपाळ साफ होतं. मोठ्या नराचा चोचीवरचा मांसल भाग निळा, मादीचा तपकिरी किंवा पांढुरका. पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या बजीत ही खूण चालत नाही, तिथे नराचाही गुलाबी-जांभळटच राहतो.

अंगावर पिसंही न आलेलं पिल्लू ‘हाताने भरवा, मग माणसाळतं’ म्हणून विकतात. नवख्याने ते घेऊ नये. भरवण्याचं जेवण थोडं गार झालं तर अन्नाच्या पिशवीत साचून सडतं, थोडं गरम झालं तर ती पिशवी भाजते. स्वतः दाणे फोडून खाणारंच पाखरू आणा.

पिंजरा आणि त्याची जागा

उंच, घुमटाचा पिंजरा शोभेला बरा दिसतो, पाखराच्या कामाचा नाही. पक्षी आडवा उडतो, त्यामुळे लांबी महत्त्वाची. बजीच्या जोडीला कमीत कमी २४ इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच. कॉकटेलला याच्या दीडपट तरी हवा. बजीसाठी तारांमधली फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, डोकं अडकतं. घरी जाळी आणून पिंजरा बनवणार असाल तर नवी जस्ताची जाळी व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून मगच पाखरं सोडा. जस्ताचे सुटे कण चोचीतून पोटात गेले तर विषबाधा होते.

प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून टाका. कडुनिंबाच्या, पेरूच्या, जांभळाच्या ओबडधोबड फांद्या लावा, काही बोटाएवढ्या जाड, काही बारीक. पायाला वेगवेगळी पकड मिळाली की तळवे दुखावत नाहीत. कण्हेर आणि रुई मात्र चुकूनही नको, दोन्ही विषारी. कपाशीच्या शेताच्या बांधावरची फांदीही तोडू नका, फवारणी कुठवर उडालेली असते सांगता येत नाही.

आता जागा. स्वयंपाकघर नाही, आणि स्वयंपाकघराचा धूर जिथे जातो ती खोलीही नाही. हे आपल्या भागात जास्त सांगावं लागतं. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने सतत वाहत असते. उडायला लागणारा प्राणवायू त्यातून मिळतो, पण हवेतलं विषही तितक्याच वेगाने भिनतं. काळ्या मसाल्यासाठी मिरच्या भाजणं, ठेच्याची खमंग फोडणी, थंडीत कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजणं, या प्रत्येक वेळी पाखरं आधी घराच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. नॉनस्टिकचा तवा गॅसवर रिकामा राहून तापला तर त्याच्या लेपातून जो वायू सुटतो त्याने शेजारच्या खोलीतलं पाखरू काही मिनिटांत मरतं. आपल्याला साधा वासही येत नाही. पाखरं असलेल्या घरात लोखंडी तवा, बिडाची कढई वापरावी, एवढं मी हात जोडून सांगेन. डासांची कॉइल, उदबत्ती, कापूर, फवारे यांचंही तसंच. श्रावणात ज्यांच्याकडे कानबाई बसते त्यांनी त्या दोन दिवसांसाठी पिंजरा शेजारी नेऊन ठेवावा. धूप, गर्दी आणि रात्रभराचं जागरण यातलं एकही पाखराला मानवत नाही.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली हवी, चारही बाजू उघड्या असल्या की पाखरू सतत दचकतं. उंची आपल्या छाती-डोळ्यांच्या मधली. सकाळचं कोवळं ऊन अर्ध्या पिंजऱ्यावर आलं तर उत्तम, म्हणजे नको असेल तेव्हा पाखराला सावलीत सरकता येतं. रात्री दहा-बारा तास शांत अंधार हवा. ज्या खोलीत रात्री अकरापर्यंत टीव्ही चालतो तिथे पाखराची झोप पुरी होत नाही.

दाणा-पाणी

दाण्याच्या भांड्याची गोष्ट सुरुवातीलाच सांगितली, ती नीट समजून घ्या. बजी दाणा गिळत नाही. चोचीत फिरवून टरफल सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. संध्याकाळपर्यंत भांड्यावर टरफलांचा थर जमतो आणि लांबून भांडं गच्च भरलेलं वाटतं. सुट्टीत गावाला गेलेल्या माणसाचे शेजारी ‘दाणे होते की’ म्हणतात ते खोटं बोलत नसतात. रोज सकाळी भांडं हातात घ्या, फुंकर मारा, टरफलं उडवा, मग किती उरलं ते बघा.

एका बजीला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे दाणे पुरतात. राळा (दुकानात कांगणी म्हणतात), बाजरी, थोडी भगर असं मिश्रण करा. सूर्यफुलाचं बी पाखरांना फार आवडतं आणि चरबी चढवतं, बजीला ते रोज देऊ नये. आपल्याकडची खरी मेजवानी म्हणजे बाजरीचं दुधाळ कणीस. भाद्रपदाच्या सुमाराला कणसात दूध भरतं तेव्हा फवारणी न केलेल्या शेतातलं एखादं कणीस आणून पिंजऱ्यात टांगा. पाखरं उलटी लटकून, मान वाकडी करून, एकेक दाणा उचकटून खातात. तोंडाला पांढरं दूध लागतं, ते दांडीवर चोच घासून पुसतात आणि पुन्हा भिडतात. बघणाऱ्याचा चहा गार होतो.

नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पाखराला अ जीवनसत्त्व कमी पडतं. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, गंगाफळाची फोड रोज थोडी द्या. आपल्याकडे भाजीपाल्यावर औषध जोरात मारतात, म्हणून पाला अर्धा तास पाण्यात ठेवून दोनदा धुवा, शक्यतो कुंडीतला वापरा. रावेर-यावलची केळी दारात असली तरी केळं नखाएवढंच, साखर जास्त. सकाळी दिलेलं ओलं खाणं दुपारच्या आत काढून घ्या. आपल्या उन्हात ते दोन-तीन तासांत आंबतं. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, मिठाचे पदार्थ वर्ज्य. शेवेचा तुकडासुद्धा नको, पोरांना आधीच सांगून ठेवा.

चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, समुद्रफेन लावा. दुकानात महाग मिळतं, काष्ठौषधींच्या दुकानात तेच स्वस्तात मिळतं. तारेने बांधा, मऊ बाजू पाखराकडे.

पाणी दिवसातून दोनदा बदला, उन्हाळ्यात तीन-चारदा. आपल्या कित्येक गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं आणि ते टाकीत साठवलेलं असतं. पाखरासाठी तेच पाणी उकळून गार करून ठेवा. भांड्याला आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर नुसतं विसळून भागत नाही, घासावंच लागतं.

सवय लावणं

पहिले काही दिवस फक्त दाणा-पाणी आणि जवळ बसून हळू बोलणं. हात घालून पकडायला जाऊ नका. वरून येणारा हात त्याला ससाण्यासारखा वाटतो. पाखरू तुम्ही असताना खायला लागलं की तळहातावर बाजरीचं कणीस धरून हात पिंजऱ्यात स्थिर ठेवा. आज येईल, आठवड्याने येईल, कुणाचं महिन्याने येतं. बोटावर पहिल्यांदा तो चिमुकला, कोमट पाय टेकतो तेव्हाचा आनंद मी कुणाला शब्दांत सांगू शकलेलो नाही.

खोलीत मोकळं सोडण्याआधी छताचा पंखा बंद. बंद म्हणजे पातीही थांबलेली. आरशावर, काचेवर पडदा ओढा, दारं लावा, मांजर बाहेर. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी, भाचरं, सगळं घर गजबजलेलं असतं. कुणीतरी आल्या आल्या पंख्याचं बटण दाबतंच. त्या दिवसांत पाखरं सोडूच नका.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर पाखरू एक पाय पोटात घेऊन बसतं आणि चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर हळूहळू घासतं. बारीक करकर ऐकू येते. नवखे लोक घाबरून विचारतात, याला काय झालं? काही झालेलं नाही. पोट भरलं आहे, भीती नाही, झोप येते आहे, एवढंच. कॉकटेलचा नर शीळ शिकतो, बजीचा नर शब्दही उचलतो, मिक्सर लागला की सगळी मिळून त्याच्यावर आवाज चढवतात. पण माझं मन रमतं ते त्या करकरीत.

उन्हाळा : सर्वात मोठी परीक्षा

बजी आणि कॉकटेल मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले. मग त्यांना आपलं ऊन का बाधावं, असं लोक विचारतात. तिथे ते दुपारी सावलीत जातात, पाण्याकडे उडतात, जागा बदलतात. पिंजऱ्यात त्याला कुठेच जाता येत नाही. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात, अंगाची उष्णता एरवीही ४१ अंशांच्या आसपास असते, आणि भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. म्हणजे बाहेरची हवा त्याच्या अंगापेक्षा तापलेली.

मार्च संपायच्या आत ही तयारी करा.

पिंजऱ्याच्या उंचीवर एक थर्मामीटर टांगा. आपल्याला काय वाटतं त्याला अर्थ नाही, आकडा बघा. ३२-३३ च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं, ३८ च्या वर उपाय चालू असलेच पाहिजेत.

मग खोली निवडा. पत्र्याच्या घरात दुपारी पाखरू ठेवू नये, दुसरा इलाज नसेल तर दिवसापुरतं शेजारच्या स्लॅबच्या किंवा जुन्या धाब्याच्या घरात ठेवा. धाब्याचं घर या बाबतीत सगळ्यात भलं, मातीचं जाड छत आणि जाड भिंती दुपार उलटेपर्यंत गार राहतात. वरच्या मजल्यापेक्षा खालचा मजला, पश्चिमेपेक्षा पूर्वेची किंवा उत्तरेची खोली.

पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, हवा येते त्या बाजूला, ओलं गोणपाट लावा. चारही बाजू झाकल्या तर आत कोंडतं. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने गोणपाटातून येणारी झुळूक चांगली गार होते. जूनमध्ये ढग आले, दमट झालं की हा उपाय निकामी होतो, तेव्हा नुसता वारा खेळता ठेवा. कूलरचंही तेच गणित : खिडकी उघडी ठेवून लावा, झोत थेट पिंजऱ्यावर नको. हंगामाच्या सुरुवातीला जुनी गवताची पॅडं फेकून नवी घाला. कुबट वासाच्या पॅडातून बुरशी उडते आणि ती पाखराच्या श्वासात जाते.

सकाळी उथळ थाळीत पाणी ठेवा, पाखरं मनसोक्त आंघोळ करतात. संध्याकाळी आंघोळ नको, ओलं अंग घेऊन झोपू देऊ नये.

दुपारी दोन ते चार या वेळेत कुणीतरी बघणारं घरात हवं. वीज नेमकी तेव्हाच जाते. चार्जिंगचा पंखा, भिजवलेलं गोणपाट, माठातलं पाणी हाताशी असू द्या. घराला कुलूप लावून लग्नाला जायचं असेल तर पाखरं आधी कुणाकडे तरी पोचवा. मेमधलं बंद घर म्हणजे भट्टी, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ जीव वाचतील.

पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून पाखरू धापा टाकत असेल तर ऊन लागायला सुरुवात झाली आहे. लगेच घरातल्या सर्वात गार जागी न्या, पाय आणि पंखांखालचा भाग साध्या पाण्याने ओला करा, अंगावर बारीक फवारा द्या. बर्फाचं पाणी नको, त्या धक्क्याने उलट दगावतं. चोचीच्या कडेला एखादा थेंब लावा, घशात ओतू नका. धाप थांबली तरी तो दिवस त्याला गार खोलीतच ठेवा. लोळत असेल, मान टाकत असेल तर हेच करत दवाखाना गाठा.

थंडीची धास्ती त्या मानाने कमी. तरी धुळ्यात पारा ६-७ अंशांवर उतरतो त्या रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड कापडाने झाका, दाराच्या फटीतला वारा अडवा. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, म्हणून महिन्याचाच दाणा आणा आणि हवाबंद डब्यात ठेवा. कुबट वास आला की टाकून द्या, निवडत बसू नका.

पिल्लं हवीत का?

घरट्यासाठी मडकं टांगलं की बजी अंडी घालतात. म्हणून मडकं टांगायच्या आधी विचार करा. एक आड एक दिवस करत चार-सहा अंडी, प्रत्येक अंडं साधारण १८ दिवसांत फुटतं, पिल्लू महिन्याभराने मडक्याबाहेर येतं. इतक्या पिल्लांना जागा कुठे? वर्षातून दोनपेक्षा जास्त वेळा मादीला बसू देऊ नये, आणि मार्च ते जून मडकं काढूनच ठेवावं. मडक्याच्या आत आणखी तापतं.

मादी तळाला फुगून बसली, शेपूट हलवत जोर काढते आहे पण अंडं येत नाही, तर अंडं अडकलं आहे. चुना कमी पडलेल्या, वयाने कोवळ्या किंवा सारखी अंडी घालून थकलेल्या मादीत हे होतं. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर ती बहुधा वाचत नाही. तिला उबदार, दमट हवेत ठेवून काही तासांच्या आत डॉक्टरांकडे न्या.

रोजची तपासणी आणि आजारपण

सकाळी पिंजऱ्याचं कापड काढल्यावर आधी विष्ठा बघा. खाली कोरा कागद असेल तर लगेच कळतं. हिरवा भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी, ही निरोगी विष्ठा. पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, नुसतं पाणी पडलं, न पचलेले दाणे दिसले, तर लक्ष ठेवा. मग बसणं बघा. दोन्ही पायांवर, फुगून, दिवसा झोपलेलं पाखरू आजारी समजा.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि आठवड्याला वजन वहीत लिहा. ३५ ग्रॅमच्या बजीचं वजन साडेतीन ग्रॅमने उतरलं म्हणजे दहावा हिस्सा गेला. पिसांमुळे डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसतं. छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं टोचलं तर दुखणं जुनं आहे.

पहिला उपाय ऊब. पुठ्ठ्याच्या खोक्यात एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवून आत ३० अंशांच्या आसपास ऊब ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे नको झालं तर पाखराला सरकता येईल. अर्थात हे थंडी-पावसाळ्यात. मेमध्ये ऊब देत बसू नका. तुटलेल्या नखातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. माणसाच्या गोळ्या देऊ नका, आणि कोंबड्यांसाठी मिळणारी अँटिबायोटिक पावडर अंदाजाने पाण्यात टाकू नका. ही सवय आपल्याकडे फार बोकाळली आहे. आजारी पाखरू पाणी कमी पितं, त्यामुळे औषध पुरतं जात नाही आणि जंतू मात्र निबर होतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं बहुतेक काम गाई-म्हशी-शेळ्यांचं. म्हणून पाखरू ठणठणीत असतानाच चौकशी करून ठेवा : आपल्या गावात, जिल्ह्याच्या ठिकाणी, नाही तर नाशिकला पाखरं तपासणारं कोण आहे. आजारी पाखरू हातात घेऊन शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

दारात गावरान कोंबड्या असतील तर त्यांच्या खुराड्यात जाऊन आलेली चप्पल पिंजऱ्याच्या खोलीत नको, हात धुऊनच पिंजऱ्याला लावा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, अशीच येते. बर्ड फ्लूचंही विसरू नका. देशातला पहिला मोठा उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला झाला, २०२१ मध्ये पुन्हा तिथेच कोंबड्या माराव्या लागल्या. अशी बातमी आली की पिंजरा घरात घ्या, चिमण्या-कावळे दाण्याला लागू देऊ नका. आणि पाखरं असलेल्या घरात कुणाला ताप, कोरडा खोकला बरेच दिवस रेंगाळला तर आपल्या डॉक्टरांना पाखरांबद्दल नक्की सांगा. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांकडून माणसाला होणारा एक ताप आहे, त्याच्यावर औषध आहे, पण डॉक्टरांना सुचायला हवं.

उडून गेलं तर

लगेच आरडाओरडा करत मागे धावू नका. कोणत्या दिशेला गेलं ते बघा. घरचं पाखरू बहुधा पहिल्या दिवशी जवळपासच असतं, उंच झाडावर गप्प बसलेलं. त्याच्या जोडीदाराचा पिंजरा गच्चीवर सावलीत ठेवा, शेजारी उघड्या दाराचा रिकामा पिंजरा आणि बाजरीचं कणीस. जोडीदाराची हाक हाच खरा धागा. पहाटे आणि सूर्यास्ताच्या आधी हाका मारा, नेहमीची शीळ वाजवा. गल्लीतल्या पोरांना सांगा, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मात्र दगड-गलोल कुणी हाती घेणार नाही हे बघा.

निरोप

कितीही केलं तरी एक सकाळ येते. पाच-सात वर्षांचं आयुष्य आपल्या आयुष्यात फार लवकर संपतं. लोक म्हणतात, ‘एवढंसं पाखरू, दुसरं आणा.’ त्यांचं मनावर घेऊ नका. जो आवाज रोज सकाळी घर उठवत होता तो थांबला की घर मोठं आणि रिकामं वाटतं. ते दुःख खरं आहे, त्याला पाखराच्या वजनाचं माप लावू नये.

करायच्या गोष्टी अशा. पाखरू उघड्या हाताने उचलू नका, पिशवी किंवा हातमोजा घाला. मरण अचानक असेल आणि घरात बाकीची पाखरं असतील तर कारण कळणं गरजेचं आहे. देह पिशवीत बांधून फ्रीजच्या खालच्या भागात, अन्नापासून वेगळा, दुसऱ्या डब्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं की तपासणी नीट होत नाही. पशुवैद्यकीय डॉक्टरांना शवविच्छेदनासाठी विचारा. एकाच वेळी दोन-तीन गेली किंवा आसपास कोंबड्या-कावळेही मरत असतील तर विचारायचंच नाही, कळवायचंच. अशा वेळी देह हलवू नका, पुरूही नका.

साधं मरण असेल तर परसात दीड-दोन फूट खोल खड्डा करून पुरा, वर दगड ठेवा, नाही तर रात्री कुत्रं उकरतं. विहिरीजवळ, पाटाजवळ नको.

पोरांना ‘उडून गेला’ सांगू नका. ती रोज आभाळाकडे बघत बसतात, आणि खरं कळलं की तुमच्यावरचा विश्वास जातो. मेला, आता दुखत नाही, आपण त्याला इथे पुरतोय, असं सरळ सांगा आणि माती टाकायला त्यांना सोबत घ्या. रडली तर रडू द्या. ‘माझ्यामुळे झालं का?’ हा प्रश्न ती मनात ठेवतात. त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच उत्तर द्या.

मागे राहिलेल्या जोडीदाराकडे आता जास्त लक्ष हवं. तो हाका मारत राहतो, खाणं टाकतो. पहिला आठवडा रोज वजन करा, पिंजरा माणसांच्या वावरात आणा, रेडिओ लावून ठेवा, आवडीचं कणीस द्या. पिंजरा, भांडी, फांद्या सगळं धुवा. फांद्या तर बदलूनच टाका.

नवं पाखरू दुःखाच्या भरात आणू नका. गेलेल्याने ज्या आजाराने जीव सोडला तो या राहिलेल्यातही असू शकतो. महिनाभर याला धड बघा, मगच नव्याचा विचार. ऊन तापलेलं असेल तर दिवाळीनंतरपर्यंत थांबा. नवं आलं की त्यालाही ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचं दाणा-पाणी जुन्याचं झाल्यावर करा. मग दोन पिंजरे शेजारी, मध्ये वीतभर अंतर. दोघं तारेला चिकटून एकमेकांकडे बसायला लागली की तिसऱ्याच जागी, दोघांनाही परक्या असलेल्या धुतलेल्या पिंजऱ्यात, सकाळच्या वेळी एकत्र सोडा. दाण्याची भांडी दोन ठेवा. पाय पकडून चावाचावी झाली तर वेगळी करा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.